डोळे वेगळे आलेली बाहुली

जगातली जी जी वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते, तिला एका पुस्तकात ठरलेली जागा आहे, हे माझ्या आत्याला पटवायला मला अख्खी दुपार लागली. मी जालन्याला, बाहेरदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका फर्ममध्ये कामाला आहे. स्टीलवाल्यांची यंत्रं येतात, बियाणेवाल्यांची यंत्रं येतात. काहीही आलं की ते पुस्तकात कोणत्या नावाखाली बसतं ते शोधायचं, कागद करायचे, माल सोडवायचा. लोकांना हे कारकुनी काम वाटतं. वाटो बापडे. मला मात्र ते पुस्तक उघडलं की अजूनही देवळात शिरल्यासारखं होतं. पहिल्या प्रकरणात जिवंत जनावरं, अगदी शेवटाकडे चित्रं, पुतळे आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू. मधे मीठ, मध, लोकर, लोखंड, आगगाडीचे डबे, छत्र्या, बटणं, सगळं. सत्त्याहत्तरावं प्रकरण तर मुद्दाम कोरं ठेवलेलं आहे, पुढं कधी लागेल म्हणून. जे अजून जगात आलंच नाही त्याच्यासाठी जागा धरून ठेवणारी ही माणसं कोण असतील, या विचारानं मी कैकदा पेन खाली ठेवून नुसता बसून राहतो.

आत्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेंढी हाय का त्याच्यात?"

"पहिल्याच प्रकरणात हाय."

"अन् मेंढीची लोकर?"

"तिचं प्रकरण निराळं."

"अन् लोकरीचं घोंगडं?"

"ते आनखी निराळं."

"म्हंजी एका मेंढीला तीन घरं. अन् माणूस?"

"माणूस न्हाई येत, आत्या. माणसाचे केस येतात."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. "बराबर हाय," म्हणाली आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली.

माझी ही आत्या म्हणजे जयवंताबाई. माहेर हसनाबादचं, सासर वडीगोद्रीचं. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला, पंक्चरवाला आणि चहावाला यांच्या मधे, तिचं पत्र्याचं दुकान आहे. आत एक शिलाई मशीन आणि लोकरीचे गुंडे. ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते, आणि काळ्या लोकरीचे गोंडे करते. पोळ्याच्या आधी बैलांसाठी आणि बाकी वर्षभर ट्रकवाल्यांसाठी. सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या कितीतरी ट्रकांच्या कपाळावर आत्याचे गोंडे हलत असतात आणि त्या ड्रायव्हरांना तिचं नावसुद्धा माहीत नसतं. माझे मामा, म्हणजे तिचा नवरा आबाराव, मेंढरं राखायचे. पुढं चराईची रानं राहिली नाहीत, कळप गेला, पण घरातली लोकर काही गेली नाही.

पण आत्याची खरी कला गोंड्यात नव्हती. ती होती महालक्ष्म्यांत. भादव्यात आमच्याकडे घरोघरी दोन महालक्ष्म्या तीन दिवसांच्या माहेरपणाला येतात. वर्षभर त्या ट्रंकेत असतात: पितळी मुखवटे एका फडक्यात, हात दुसऱ्या फडक्यात, आणि अंगासाठी पोकळ पत्र्याची कोठी माळ्यावर. आवाहनाच्या दिवशी कोठी मांडायची, हात जोडायचे, मुखवटा चढवायचा आणि साडी नेसवायची. हे सगळेच करतात. पण बाकीच्या बायकांनी नेसवलेली साडी खुंटीवर टांगल्यासारखी दिसायची. आत्यानं नेसवली की कोठीला कंबर यायची. पदर खांद्यावरून असा उतरायचा की वाटावं बाई आत्ताच उंबरा ओलांडून आत आली आणि अजून तिचा दम उतरलेला नाही. लहानपणी मी एकदा सगळ्यांची नजर चुकवून तिच्या महालक्ष्मीचा पितळी हात धरून पाह्यला होता, गरम आहे का म्हणून. आज मी चाळिशी ओलांडलेला, डोक्यावर टक्कल असलेला, चिडका माणूस आहे, पण तो हात गरम नव्हता असं मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

आवाहनाच्या दिवशी गल्लीतली घरं आत्याला वाटून घ्यायची. एकीकडची साडी झाली की दुसऱ्या दारातून हाक. उपाशीपोटी फिरायची आणि संध्याकाळी घरी येऊन सगळ्यात शेवटी आपल्या घरच्या नेसवायची.

मग मामा गेले. त्या वर्षी भादव्यात कोणीच हाक मारली नाही. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललंही नाही, नुसती हाक आली नाही. घरातल्या महालक्ष्म्यांपुढं आत्या सवयीनं बसायला गेली, तर थोरली जाऊ साळूबाई तिचा हात धरून हळूच म्हणाली, "तू आता उंबऱ्यापाशी बस, जयवंता. तोंडानं सांग. हात प्रेमला लावंल." प्रेमला म्हणजे आत्याची सून. साळूबाई दुष्ट नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. तिच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी होतं. तिच्या सासूनं तिला जे शिकवलं ते तिनं केलं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तिथंच तोंड सोडलं. आत्यानंच मला गप्प केलं. "सणाच्या दिवशी आवाज न्हाई," म्हणाली आणि उंबऱ्यापाशी जाऊन बसली. तेव्हापासून दर वर्षी ती उंबऱ्यावरून सांगायची, "निरी जरा दाब... डावीकडं घे... न्हाई गं, तशी न्हाई." आणि तिची बोटं मांडीवर आपोआप हलत राहायची. ती बोटं मला बघवत नसत.

तिची नात अक्षता संभाजीनगरला शिकायला आहे. तिनं एका सुट्टीत आपली जुनी प्लास्टिकची बाहुली आजीपुढं टाकली आणि म्हणाली, "आज्जे, हिला नेसव." बाहुलीला नेसवायला कोणाची बंदी नव्हती. आत्यानं इरकलीच्या तुकड्याची वीतभर नऊवारी केली, नेसवली, खांद्यावर लोकरीचं इवलंसं घोंगडं टाकलं. अक्षतानं त्याचा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. तो कुठं कुठं फिरला देव जाणे, पण जुन्या बाहुल्या जमवणाऱ्या बाया जगभर आहेत, हे आम्हांला त्यातून कळलं. एक मागणी आली, दुसरी आली. आत्याच्या वीतभर साड्या टपालानं परदेशी जायला लागल्या. मला तेव्हा पुस्तकाचं पुन्हा नवल वाटलं होतं. ती साडी बाईची असती तर कापडाच्या प्रकरणात गेली असती. बाहुलीची आहे म्हणून ती बाहुलीच्या घरी जाते. बाहुलीचा जोडा चपलांत जात नाही, बाहुलीचीच वस्तू होतो. इतक्या मोठ्या पुस्तकानं इतक्या छोट्या बाईचा संसार एकत्र ठेवला आहे.

मग बेल्जियमहून हेलेना नावाच्या एका म्हाताऱ्या बाईचा निरोप आला. तिला साडी विकत नको होती. तिच्याकडे तिच्या आईची बाहुली होती, चिनी मातीच्या चेहऱ्याची, कातड्याच्या अंगाची, नव्वद वर्षांची. ती बाहुली ती आत्याकडे पाठवणार होती. आत्यानं आपल्या हातानं नेसवायची आणि परत धाडायची. अक्षतानं निरोप वाचून दाखवला तेव्हा मी तिथं होतो. आत्यानं तो तिच्याकडून पुन्हा वाचून घेतला.

"मुद्दाम माझ्या हातासाठी येनार?" तिनं विचारलं.

"हो आज्जे. असंच लिहिलंय."

"पाव्हणीच म्हनायची मंग," आत्या म्हणाली, आणि त्याच दिवशी तिनं दुकानातली एक फळी घासून पुसून मोकळी केली.

पाहुणी निघाली आणि कस्टममध्ये अडकली. हेलेनाबाईनं शहाणपण केलं होतं. असल्या जुन्या बाहुल्यांच्या डोळ्यांना मागून शिशाचं वजन असतं. बाहुली आडवी केली की डोळे मिटतात, उभी केली की उघडतात. प्रवासात ते वजन आतून आदळून चेहरा फुटू नये म्हणून तिनं डोळे काढून वेगळे गुंडाळले होते. डोकं वेगळं, केसांचा टोप वेगळा, हात-पाय वेगळे. आणि पार्सलवर लिहिलं होतं, खेळण्यातल्या बाहुलीचे भाग. आता आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या मुलांच्या खेळण्यावर सुरक्षेचा शिक्का लागतो. तो नसला तर माल माघारी जातो, नाहीतर नष्ट करतात. नव्वद वर्षांच्या बाहुलीवर कसला आलाय शिक्का? ऑफिसनं आत्याला विचारणा केली: वस्तू काय आहे, कशासाठी मागवली, सविस्तर कळवा.

मी नेमका कामासाठी बाहेरगावी गेल्तो. आत्याला धीर निघेना. पार्सल भरताना हेलेनाबाईनं काढलेले आतले फोटो अक्षताकडे आले होते. आत्यानं ते बघून सांगितलं आणि अक्षतानं आजीचा शब्दही न बदलता कळवून टाकलं. परत आल्यावर मी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. उत्तरात लिहिलं होतं: मुखवटा एक, हात दोन, पाय दोन, कोठी एक, केस, डोळ्यांची जोडी. साडी नेसवण्यासाठी.

"आत्या, हे काय कळवून बसलीस? हे बाहुलीचं न्हाई, महालक्ष्मीचं सामान झालं!"

"जे दिसलं ते सांगितलं. मुखवट्याला मुखवटा न्हाई तर काय म्हनू?"

"अगं, धाडनारी म्हणती खेळणं अन् घेनारी म्हणती देवी! आता त्यांनी काय समजायचं? देवी म्हटली तर ती चिनी मातीच्या मूर्तीत जाईल. सुटं सामान म्हटलं तर डोळे काचेत जातील, बाकीचं खेळण्याचे भाग म्हणून माघारी. एका बाईच्या चिंध्या करून टाकल्यास तू."

मी असा वैतागून बोलत असताना आत्या मशीनवर हात ठेवून उभी होती. तिनं मला मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "शिवा, महालक्ष्मीला माझा हात चालत न्हाई. बरं, न्हाई चालत. ही इतक्या लांबून माझ्याच हातासाठी आली. ही बी दारातून माघारी गेली, तर मंग हे हात कशाचे रे?"

दुसऱ्या दिवशी मी फर्ममध्ये रजा टाकली आणि तिला घेऊन शहरातल्या कस्टमच्या ऑफिसात गेलो.

तपासणीला तृप्ती मॅडम होत्या. वय फार नाही, पण नजर बारीक. बोलता बोलता कळलं की त्या मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या धावड्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. टेबलावर पार्सल उघडून ठेवलेलं होतं. आत्यानं ते पाहिलं आणि विचारलं, "हात लावू का, बाई?"

"लावा. पण जपून, आजी."

आत्यानं पदराला हात पुसले. आधी आपला स्वच्छ रुमाल टेबलावर पसरला. त्याच्यावर कातड्याचं अंग ठेवलं. मग पाय, मग हात, ज्याच्या त्याच्या जागी. मग कागदातून डोकं काढलं. गाल फिकट गुलाबी, ओठ जरासे उघडे, आतून दोन बारीक दात दिसत होते. डोळ्यांच्या जागी दोन खोबणी. तरी तो चेहरा आपल्याकडे बघतोय असं वाटत होतं. डोक्यावर आत्यानं केसांचा टोप ठेवला, बोटानं एक बट कानामागं सारली. सगळ्यांत शेवटी डोळे. गडद निळे, काचेचे. ते तिनं तळहातावर घेतले, खिडकीच्या उजेडात धरले आणि अलगद डोक्याशेजारी ठेवले. शेजारच्या टेबलावरची दोन माणसं हातातलं काम टाकून येऊन उभी राहिली होती. मी यंत्रं पुष्कळ पाह्यलीत, कोट्यवधींची; पण एक सुटी वस्तू अशी माणसांदेखत गोळा होताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

"डाव्या हाताची करंगळी न्हाई," आत्या म्हणाली. "जुनं हाय तुटलेलं. कड घासून गेलीय."

मॅडमनी वाकून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आजी, आता मला खरं सांगा. ही देवी आहे की बाहुली?"

"आवाहन केलं तर देवी. न्हाई केलं तर बाहुली."

"तुम्ही करणार आहात का आवाहन?"

"न्हाई. तो मान मला न्हाई आता."

मॅडमनी मान वर केली. आत्याच्या मोकळ्या कपाळाकडे एकदा पाहिलं आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. त्या धावड्याच्या होत्या, त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

"मग ही बाहुलीच," त्या म्हणाल्या. "माणसाचं रूप आहे, हातपाय सांध्यात हलतात, कपडे घालता-काढता येतात. मूर्ती अशी हलत नाही. आणि पोरांनी खेळायची नसली, नुसती जपून ठेवायची असली, तरी पुस्तकात ती बाहुल्यांच्याच जागी बसते."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची खोड, जीभ वळवळलीच. "पण मॅडम, डोळे सुटे आहेत. काचेचे सुटे डोळे बाहुलीत धरत नाहीत, काचेत धरतात."

आत्यानं टेबलाखाली मला असा चिमटा काढला की अजून आठवतो.

मॅडम मात्र हसल्या. "नुसते डोळे आले असते तर काचेतच गेले असते. हे तिच्याबरोबर आलेत, तिचे म्हणून. अशा वेळी कोणता नियम बघायचा? तुम्हीच सांगा, आजींना कळेल असं."

तो नियम मला पाठ होता. किती यंत्रं मी त्याच्या जोरावर सोडवली होती. एवढं मोठं यंत्र जहाजात मावत नाही म्हणून खोलून, पेट्यांत भरून आणतात, तेव्हा तोच नियम कामाला येतो. मी म्हणालो, "पुरी वस्तू सुटी करून आनली, तरी ती पुरीच धरायची."

"आणि एखादा भाग कमी असला तर?"

"तिचं मूळ रूप तिच्यात शाबूत असलं, तर तरी बी पुरीच."

"म्हणजे करंगळी नसली तरी ही पुरी बाहुली. डोळे बाजूला ठेवलेले असले तरी पुरी बाहुली," मॅडम म्हणाल्या.

आत्या माझ्याकडे वळली. "परत म्हन."

मी परत म्हणालो.

"सुटी झाली तरी?"

"सुटी झाली तरी."

"काही गेलं असलं तिच्यातलं, तरी?"

"तरी, आत्या."

"असं कोन म्हणतं?"

उत्तर मॅडमनी दिलं. "सरकार म्हणतं, आजी. आपलंच नाही, जवळजवळ सगळ्या जगातली सरकारं म्हणतात. पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय, मेंढ्या-घोड्यांच्याही आधी."

आत्या टेबलावरच्या त्या बाहुलीकडे बघत राहिली. मी ते वाक्य आजवर हजारदा कागदांवर लिहिलं असेल. त्याच्यात लोखंडाशिवाय दुसरं काही आहे हे मला त्या टेबलापाशी, चिमट्याची जागा चोळताना, पहिल्यांदा कळलं. मी थक्क झालो होतो, हे सरळ सांगून टाकतो.

राहिला प्रश्न शिक्क्याचा. मॅडमनी विचारलं, "ही पोरांच्या हातात खेळायला देणार नाही ना?"

"पोरांच्या? मलाच हातात घ्यायला भ्या वाटून राह्यलंय!"

हेलेनाबाईचा निरोप होता, बाहुलीचं वय होतं, नेसून परत जायची होती. ती मुलांचं खेळणं नव्हे, हे मॅडमना पटलं. जाता जाता त्या म्हणाल्या, "शंभर वर्षांच्या वर असती तर प्राचीन वस्तूंत गेली असती. थोडक्यात चुकली."

"बाईचं वय कमी भरलं म्हनून तिचा मान गेला, हे नवीनच आयकलं," आत्या म्हणाली, आणि शेजारच्या टेबलावरची ती दोन माणसं खो खो हसली. वरच्या साहेबांच्या सहीला वेळ लागला, पण पाहुणी सुटली.

बाहुली वडीगोद्रीला आणल्यावर हेलेनाबाईनं व्हिडिओ कॉलवरून सांगितलं आणि अक्षतानं मराठीत सांगितलं, तसे आत्यानं मऊ मेणाचा आधार देऊन डोळे बसवले. मग बाहुली उभी धरली. पापण्या वर गेल्या. निळे डोळे उघडले आणि आमच्या दुकानात, लोकरीच्या गुंड्यांकडे, बाहेरच्या ट्रकांकडे पाहू लागले. पलीकडे हेलेनाबाई रडायला लागली. इकडे पंक्चरवाला हातातला टायर तसाच धरून दारात उभा. आत्यानं हिरव्या इरकलीची नऊवारी नेसवली. किती वर्षांनी तिची बोटं मांडीवर नव्हती, निरीवर होती. नेसवून झाली तेव्हा ती बाहुली बेल्जियमची वाटेना, कोणाचीतरी सासुरवाशीण वाटायला लागली. काही दिवसांनी आत्यानं तिचे डोळे पुन्हा काढले, गुंडाळले, आणि तिची रवानगी केली.

"डोळे काढताना कसं वाटलं, आत्या?" मी विचारलं.

"काही न्हाई वाटलं. काढले तरी पुरीच हाय ती. तूच सांगितलंस की."

मग भादवा आला. आवाहनाच्या दिवशी मी दर वर्षीसारखा वडीगोद्रीला गेलो. महालक्ष्म्या मांडून झाल्या होत्या, कोठ्या उभ्या, हात जोडलेले, मुखवटे चढवलेले. प्रेमला घामाघूम होऊन निऱ्या घालत होती आणि त्या पुन्हा पुन्हा सुटत होत्या. साळूबाई पिनांचा डबा घेऊन बाजूला बसली होती. गल्लीतल्या दोन-चार बाया होत्या. आत्या उंबऱ्यापाशी, तिच्या जागेवर.

"निरी दाब जरा," आत्या सांगत होती. "डावीकडं... डावीकडं घे, प्रेमला... न्हाई गं, तशी..."

आणि मधेच थांबली. उठली, न्हाणीत गेली. पाण्याचा आवाज आला. हातपाय धुऊन, पदर खोचून ती आली आणि उंबरा ओलांडून सरळ महालक्ष्मीपुढं जाऊन बसली.

"प्रेमला, सरक."

प्रेमला सरकली. मला तर वाटतं ती केव्हापासून या शब्दाचीच वाट बघत होती. साळूबाईचा चेहरा मात्र पडला. "जयवंता! काय करून राह्यलीस? कोनाला इचारलंस?"

आत्यानं निऱ्या हातात घेतल्या होत्या. "इचारलं न्हाई, साळूबाई. नियम हाय."

"कसला नियम?"

"शिवा, सांग त्यान्ला."

सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. एरवी मी कोणत्याही साहेबापुढं घडाघडा बोलतो. तिथं मी आधी टकलावरून हात फिरवला. दोन पितळी मुखवटेही माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "पुरी वस्तू सुटी झाली, तरी ती पुरीच धरायची. तिच्यातलं काही गेलं असलं, तरी बी. सरकारचा नियम हाय. जगभर चालतो."

साळूबाईनं थोडा विचार केला. बाई हुशार आहे. "वस्तूचा ना? माणसाचा हाय का?"

माणूस तर त्या पुस्तकात नाहीच. कोऱ्या ठेवलेल्या प्रकरणातही नाही. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा त्या पुस्तकातून उत्तर मिळेना.

आत्यानं मान वर केली नाही. निरीवर निरी बसवत ती अगदी शांतपणे म्हणाली, "करंगळी गेलेल्या बाहुलीला जे मिळतं, ते मला मिळू नये व्हय, साळूबाई?"

बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला. साळूबाई आत्याच्या बोटांकडे बघत होती. निऱ्या एकावर एक बसत चालल्या होत्या आणि पत्र्याच्या कोठीला हळूहळू कंबर येत होती. साळूबाईनंही ते कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं डोळ्यांना पदर लावला. मग हातातला पिनांचा डबा उघडला आणि आत्यापुढं धरला.

आत्यानं एक पीन घेतली, पदर खांद्यावर लावला. एक महालक्ष्मी झाली, दुसरी झाली. शेजारची बाई हळूच म्हणाली, "जयवंताबाई, आमच्याकडं बी येता का? आमच्या पोरीला जमून न्हाई राह्यलं." आत्या "येते" म्हणाली, जणू मधे काही वर्षं गेलीच नव्हती.

मी पुढं सरकलो. इतकं वय झालं, टक्कल पडलं, सगळ्या बाया बघत होत्या, तरी मला राहवेना. तो पितळी हात गरम आहे का, ते बघायला मी हात पुढं केला.

"हात धुतलेस का?" आत्यानं मागं न वळता विचारलं.